गाठ नसलेली बांधणी

मासे गरवण्याचा रॉड विकत घेताना बहुतेक जण तो हातात धरून दोनदा हवेत हलवतात, किती वाकतो ते बघतात आणि किमतीकडे वळतात. गरवण्यात मुरलेला माणूस मात्र आधी कड्यांची मुळं तपासतो. रिळातून सुटलेली तंगूस ज्या कड्यांतून टोकापर्यंत जाते, त्यांना सगळे गाइड म्हणतात. गाइडला धातूचा चपटा पाय असतो. तो पाय रॉडच्या पोकळ नळीवर, म्हणजे ब्लँकवर, नुसता ठेवलेला असतो. स्क्रू नाही, भोक नाही, कारण कार्बनच्या पातळ नळीला भोक पाडलं की ती तिथेच मोडणार. पायाला धरून ठेवतो तो शेजारी शेजारी घट्ट बसवलेला दोरा. त्या दोऱ्याला कुठेही गाठ मारलेली नसते.

एके काळी दोऱ्याकडे याहून मोठं काम होतं. १८४०च्या दशकात अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी सॅम्युएल फिलिप नावाचा बंदूक कारागीर बांबू चिरून, त्याच्या पट्ट्या चिकटवून रॉड बनवायला लागला. १८७०च्या दशकात मेन राज्यातल्या हायरम लिओनार्डने सहा पट्ट्यांच्या षटकोनी रॉडला नाव मिळवून दिलं. या सुरुवातीच्या रॉडसाठी बांबू जात होता तो आपल्या देशातून. कलकत्ता बंदरातून चढायचा म्हणून त्याचं नाव ‘कलकत्ता केन’. आपल्याकडे मेळघाटात आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात उभा असणारा मानवेल, तीच ही जात असं मानलं जातं. पुढे चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातला टोंकिन बांबू आला आणि त्याने कलकत्त्याच्या मालाला मागे टाकलं.

त्या काळचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांचा. ओल लागली की तो सुटायचा. म्हणून पट्ट्या उलगडू नयेत यासाठी रॉडवर थोड्या थोड्या अंतरावर रेशमी दोऱ्याचे पट्टे बांधत. सरस सुधारत गेला तसे पट्टे कमी झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं, १९७०च्या दशकात कार्बन आला, आणि दोऱ्याकडे गाइड धरण्याचं काम तेवढं उरलं. रेशमाची जागा नायलॉन आणि पॉलिएस्टरने घेतली. बांधायची रीत मात्र बदलली नाही.

आपल्या हाताच्या मापाचा रॉड स्वतः बांधणाऱ्यांचा मोठा वर्ग अमेरिकेत आहे. ब्लँक, मूठ, रिळाची बैठक आणि गाइड सुटे आणायचे आणि जुळवायचे. गाइड किती लावायचे याचा ढोबळ हिशेब असा: रॉडची लांबी जितके फूट, साधारण तितके गाइड, शिवाय टोकाचा एक. त्यातले काही दोन पायांचे असतात, त्यांना दोन बांधण्या लागतात. म्हणजे एका सात फुटी रॉडवर दोऱ्याला दहा-बारा वेळा सुरुवात करावी लागते आणि तितक्याच वेळा तो संपवावाही लागतो.

सुरुवात सोपी असते. आधी गाइडच्या पायाचं टोक कानशीने घासून उतरतं करायचं, म्हणजे दोरा ब्लँकवरून पायावर चढताना अडखळत नाही. पायाच्या खालच्या बाजूला बारीकशी कंगोरी राहिली, तर रॉड वाकताना ती ब्लँकमध्ये रुतते, म्हणून तीही काढायची. पायाच्या थोडं अलीकडे दोरा एकदा फिरवून स्वतःच्याच टोकावरून न्यायचा. पाच-सहा वेढे टोकावर बसले की ते पक्कं दबतं. उरलेलं टोक कापायचं आणि ब्लँक फिरवत पुढे जायचं. ताण इतकाच ठेवायचा, की बांधून झाल्यावरही गाइड अंगठ्याने किंचित सरकवता यावा. सगळे गाइड एका रेषेत आणताना ही ढील कामी येते.

खरी कसोटी शेवटच्या सात-आठ वेढ्यांची. तेवढे वेढे उरले की वेगळ्या, बारीक पण मजबूत दोऱ्याचा फास बांधणीवर आडवा ठेवायचा. त्याचं बंद तोंड पुढे, जिथे बांधणी संपणार त्या बाजूला. दोन्ही मोकळी टोकं मागे. त्याच्यावरून उरलेले वेढे घ्यायचे. शेवटचा वेढा बोटाने दाबून धरायचा, चारेक इंच दोरा राखून कापायचा, तो फासाच्या तोंडातून ओवायचा आणि फासाची मोकळी टोकं ओढायची. फास आपल्याबरोबर दोऱ्याचं शेपूट वेढ्यांच्या पोटात नेतो आणि सात-आठ वेढे मागे दोन वेढ्यांच्या फटीतून बाहेर काढतो. क्रिकेटच्या बॅटच्या मुठीवरचा दोराही असाच संपवतात. फरक इतकाच, की तिथे वर रबरी ग्रिप चढते आणि चूक झाकली जाते. इथे वर येतं पारदर्शक इपॉक्सी, आणि ते चूक भिंगाखाली ठेवल्यासारखी दाखवतं.

फास ओढताना वेढे कमी असतील तर शेपूट निसटतं. जास्त असतील तर घर्षणाने दोरा पिंजतो आणि जरीसारखा धातूचा दोरा तुटतोच. ओढणं सोपं व्हावं म्हणून मेण किंवा साबण लावायचा मोह टाळावा, कारण त्यावर इपॉक्सी धरत नाही. हाताचं तेलही चालत नाही. बांधणी गाइडच्या पायाशेजारी संपवणं उत्तम: पाय आणि ब्लँक यांच्या कोनात दोऱ्याखाली पोकळी असते, तिथून शेपूट सहज सरकतं आणि फुगवटाही दिसत नाही. सगळ्या बांधण्या एकाच बाजूला संपवल्या की रॉड नीटनेटका दिसतो.

आता शेपूट कापायचं. वरवर कापलं तर केसाएवढा खुंट राहतो, त्याच्याभोवती इपॉक्सी गोळा होतं आणि वाळल्यावर टोचणारी पुटकुळी तयार होते. फार खोल गेलं तर ब्लेड शेजारचा वेढा कापतं आणि सगळी बांधणी पुन्हा करावी लागते. म्हणून कोरं ब्लेड घ्यायचं. शेपटाजवळचे दोन वेढे नखाने हलकेच बाजूला सारायचे, शेपूट ताणून धरायचं आणि अगदी मुळाशी, ब्लेड वर उचलत कापायचं. ताणलेलं नायलॉन कापल्याबरोबर आखडतं आणि आत जातं. मग चमच्याच्या पाठीने वेढे घासून परत जवळ आणायचे. जागा सापडेनाशी झाली की काम जमलं. उरलेली लव स्पिरिटच्या दिव्यावरून झटकन फिरवून जाळायची. मेणबत्ती नको, काजळी धरते.

रंगाचं एक गणित आधीच करावं लागतं. साधं नायलॉन इपॉक्सी पिऊन गडद आणि अर्धपारदर्शक होतं. काळ्या ब्लँकवरचा लालभडक दोरा वाळल्यावर काळपट दिसतो. रंग तसाच हवा असेल तर न बदलणाऱ्या जातीचा दोरा घ्यायचा, नाहीतर आधी रंगरक्षक द्रावणाचा हात द्यायचा.

इपॉक्सीचे दोन भाग सिरिंजने अगदी समसमान मोजायचे, सावकाश ढवळायचे आणि लगेच अॅल्युमिनियम फॉइलवर पसरायचे. पसरल्याने बुडबुडे फुटतात आणि मिश्रण लवकर घट्ट होत नाही. पहिला हात पातळ, दोऱ्यात मुरणारा. कडेला तो दोऱ्याच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुढे जायला हवा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. सरळ कड हवी तर ब्रश स्थिर धरून रॉड फिरवावा. नंतर संथ मोटरवर, नाहीतर हाताने दर काही मिनिटांनी अर्धा फेरा देत रॉड फिरत ठेवायचा, नाहीतर इपॉक्सी खाली ओघळून पोट धरतं. आपल्याकडे पावसाळी दमट हवेत त्यावर चिकट साय येऊ शकते, तेव्हा हे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करणं शहाणपणाचं.

पूर्ण रॉड बांधायची हौस प्रत्येकाला असेल असं नाही. पण खाऱ्या पाण्यावर गरवणाऱ्याचा एखादा गाइड गंजतोच. तो बदलण्यापासून सुरुवात करावी. जुनी बांधणी चिरताना ब्लेड धातूच्या पायावरून चालवायचं, ब्लँकवरून कधीच नाही. नवी बांधणी मनासारखी झाली नाही तर तीही तशीच चिरावी आणि नव्याने घ्यावी. दोऱ्याला फारसे पैसे पडत नाहीत. ही मुभा इपॉक्सीचा ब्रश लागेपर्यंतच असते. त्यामुळे प्रत्येक वेढा आणि प्रत्येक शेपूट त्याआधी, दिवसाच्या उजेडात, रॉड फिरवून फिरवून तपासावं.