‘छावा’ आणि बुऱ्हाणपूर

शिवाजी सावंत यांच्या १९७९ सालच्या कादंबरीवर आधारलेला, लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ हा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यावरील वादास तोंड फुटले होते. जानेवारीतील झलकेत संभाजी महाराजांना लेझीम खेळताना दाखविल्याबद्दल आक्षेप आले व ते दृश्य गाळण्यात आले. पुढे शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी-कान्होजींच्या चित्रणास हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. समीक्षकांचा कौल संमिश्र पडला. विकी कौशल व अक्षय खन्ना यांच्या अभिनयाची मुक्तकंठाने प्रशंसा झाली, तर कर्कश पार्श्वसंगीतावर आणि विसविशीत पटकथेवर ठपका आला. जगभरातील उत्पन्न मात्र ८०० कोटींच्या घरात गेले, आणि मध्य प्रदेश सरकारने शिवजयंतीच्या दिवशी तो करमुक्त केला.

या साऱ्या ऊहापोहात, ज्या स्वारीने चित्रपटास प्रारंभ होतो त्या स्वारीचे बुऱ्हाणपूर केवळ एका धडाकेबाज प्रसंगाचा देखावा होऊन राहिले, याची आम्हा येथल्या मराठी माणसांना मनापासून खंत वाटते. १६८१ च्या जानेवारीअखेर हंबीरराव मोहित्यांची फौज येथे चालून आली, तेव्हा खानदेश सुभ्याचा सुभेदार खानजहान औरंगाबादेस होता व बंदोबस्त नायब काकरखानाच्या हाती होता. मराठ्यांनी बहादूरपुरा व तटाबाहेरील इतर पुरे तीन दिवस लुटले, परंतु तटाच्या आत त्यांचा प्रवेश झाला नाही, आणि ती अमूप दौलत चोपड्याच्या वाटेने साल्हेरास रवाना झाली. पडद्यावर मात्र शंभूराजे याच स्वारीत सिंहाचा जबडा फाडताना दिसतात. पराक्रमाची ही अतिशयोक्ती मला तितकीशी खुपत नाही. खुपते ते हे, की शहराचा तट, पुरे आणि लुटीची वाट यांपैकी काहीच प्रेक्षकाच्या ध्यानी राहत नाही.

त्याचा परिणाम मार्चच्या आरंभी बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी दिसला. रस्त्याच्या कामावरील माती शेतात पडली, तीत मोगलांची नाणी असल्याची आवई उठली, आणि चित्रपटाने चेतविलेली माणसे रात्री बॅटऱ्यांच्या उजेडात, धातुशोधक यंत्रे व चाळण्या घेऊन, परक्याची शेते उकरू लागली. अखेर प्रशासनास लक्ष घालावे लागले. वास्तविक जी लूट साल्हेरास पोहोचली, ती असीरगडाच्या मातीत सापडणार कशी?

इकडे येणाऱ्या मराठी वाचकांस माझी आग्रहाची विनंती आहे, की असीरगड पाहून परतताना त्यांनी शहरालगतच्या बहादरपुरास, म्हणजेच तेव्हाच्या बहादूरपुऱ्यासही, अवश्य जावे. स्वारी तेथे झाली.