महागडे इंजेक्शन लागू पडेल का? आधी हे विचारा



आमच्या वस्तीतल्या एका भगिनीला आमवात झाला. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसे, भाकरी थापता येत नसे. गोळ्यांनी भागेना, तेव्हा डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितले. घरच्यांनी गळ्यातले मोडले, बचत गटाचे कर्ज काढले. चार महिने झाले तरी सूज तशीच. सासूबाई म्हणाल्या, "हिचं नशीबच खोटं." शेजारीण म्हणाली, "कुणाची तरी करणी आहे." आम्ही सांगितले, हे नशीब नाही आणि करणीही नाही. कार्य आहे तिथे कारण असते, हे आपला धम्म शिकवतो. कारण शोधू या.

आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. वयोमानाने गुडघे झिजतात तो आजार वेगळा. जी प्रतिकारशक्ती रोगजंतूंशी लढते, तीच आमवातात आपल्या सांध्यांवर उलटते. त्यावरचे पहिले औषध मेथोट्रेक्सेट. ते स्वस्त आहे. पण ध्यानात ठेवा, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते.

मेथोट्रेक्सेटने पुरेसा गुण आला नाही तर बायोलॉजिकल औषधे देतात. ती जिवंत पेशींपासून बनवतात, म्हणून महाग असतात. शरीरात सूज वाढवणारा टीएनएफ नावाचा एक पदार्थ आहे. १९९२ साली लंडनमध्ये आमवाताच्या रुग्णांना तो अडवणारे औषध पहिल्यांदा दिले गेले. आज आपल्याकडे मिळणारी इन्फ्लिक्सिमॅब, इटानरसेप्ट, अडालिमुमॅब ही त्याच जातीची औषधे. रिटुक्सिमॅब बी-पेशींवर काम करते, तर टोसिलिझुमॅब आणखी एका पदार्थाला अडवते.

ही औषधे सगळ्यांना सारखी लागू पडत नाहीत. टीएनएफ अडवणाऱ्या औषधाने दहापैकी तीन-चार जणांना पुरेसा गुण येत नाही. बाहेरून सूज सारखीच दिसली तरी आत ती पेटवणारे कारण वेगळे असू शकते. किल्ली चांगली असली तरी कुलूप दुसरे असेल तर ते उघडणार कसे?

मग कोणाला कोणते औषध लागेल हे आधी कळेल का? युरोपातील पाच देशांत १६४ रुग्णांवर असा अभ्यास झाला. त्यांना टीएनएफ अडवणारे औषध लागू पडले नव्हते. सुईने सांध्याच्या अस्तराचा कण काढून तपासला. जनुकीय तपासणीत ज्यांच्या अस्तरात बी-पेशी कमी आढळल्या, त्यांच्यापैकी रिटुक्सिमॅबने शंभरात ३६ जणांना, तर टोसिलिझुमॅबने ६३ जणांना चांगला गुण आला. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. पण ही तपासणी अजून रोजच्या उपचारात आलेली नाही. खात्रीने सांगणारी एकच एक रक्ततपासणीही आज नाही. म्हणून खर्च करण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी जरूर विचाराव्यात.

पहिली गोष्ट, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या झाल्या का? त्या पॉझिटिव्ह असतील तर रिटुक्सिमॅबचा गुण येण्याची शक्यता वाढते.

दुसरी, टीबी लपलेला आहे का? आपल्या दाटीच्या वस्त्यांत हा प्रश्न सर्वात मोठा. शरीर टीबीच्या जंतूंना भिंत घालून कोंडून ठेवते. टीएनएफ अडवला की ती भिंत ढासळू शकते. त्यामुळे छातीचा एक्स-रे आणि मांटूची किंवा रक्ताची टीबी तपासणी आधी झालीच पाहिजे. घरात कोणाला टीबी झाला असेल तर लाजू नका, सांगा. काविळीच्या बी आणि सी विषाणूंचीही तपासणी करून घ्या.

तिसरी, मेथोट्रेक्सेट चालू ठेवायचे का? शरीर कधी कधी इंजेक्शनच्या औषधालाच शत्रू समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि औषध निकामी होते. सोबत मेथोट्रेक्सेट असेल तर हे कमी घडते. म्हणून ती गोळी मनाने बंद करू नका. मात्र मूल होऊ देण्याचा विचार असेल तर तसे आधीच सांगा, कारण गर्भाला ती घातक आहे.

चौथी, विडी-सिगारेट आणि वजन. धूम्रपान करणाऱ्यांना आणि फार लठ्ठ व्यक्तींना टीएनएफ अडवणारी औषधे कमी लागू पडतात. विडी सोडायला पैसे लागत नाहीत.

पाचवी, इंजेक्शन ठेवायचे कुठे? ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. बर्फाच्या कप्प्यात गोठवायचे नाही. घरी फ्रिज नसेल तर दवाखान्यातच घेण्याची सोय विचारा.

सहावी, निकाल कधी पाहायचा? डॉक्टर २८ सांधे दाबून किती दुखतात, किती सुजलेत हे मोजतात. ते आकडे सुरुवातीलाच केसपेपरवर लिहून घ्या. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. काहीच फरक नसेल तर औषध बदलण्याबद्दल विचारा. वर्षभर आशेवर पैसे घालवू नका.

खर्चासाठी सावकाराकडे जाण्याआधी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. महात्मा फुले योजनेत किंवा ईएसआयमध्ये उपचार बसतो का, विचारा. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तो आपला हक्क आहे, उपकार नव्हे. मूळ औषधासारखीच, पण स्वस्त अशी बायोसिमिलर औषधेही भारतात बनतात. तीही विचारा.

त्या भगिनीची चौकशी केली तेव्हा कळले, इंजेक्शन सुरू होताच तिने गोळी बंद केली होती आणि इंजेक्शन घरात फळीवर ठेवले जाई. डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केली, इंजेक्शनही बदलले. आज तिची मूठ वळते. मधल्या काळात वाकडी झालेली दोन बोटे मात्र सरळ झाली नाहीत. प्रश्न वेळेवर विचारले असते तर कदाचित तीही वाचली असती.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः तपासून पाहा, हीच तथागतांची शिकवण. दवाखान्यातही ती सोबत न्या.