संपादकांना पत्र लिहायचंय? आधी 'माझं' बाजूला ठेवा

धंदा सुरू केला की ग्राहक आणि भांडवलासोबत रस्ता, पाणी, वीज हे प्रश्नही वाट्याला येतात. अर्ज करूनही कोणी दाद देत नसेल, तर एक बिनखर्चाचा मार्ग उरतो: वर्तमानपत्राला पत्र.

समजा, गिरीजला तुमची सोनचाफ्याची बाग आहे. पहाटे फुलं तोडायची, वसई स्टेशन गाठायचं, लोकलने दादरचा फुलबाजार गाठायचा. रस्त्यात पाणी साचलं, गाडी चुकली, की भाव गेला. उशिरा पोचलेल्या फुलाला कोण विचारतो?

आपण रागात लिहितो, "माझं खूप नुकसान झालं, प्रशासन झोपलंय!" पण संपादक बघतात, यात बाकी वाचकांचं काय? म्हणून असं लिहा:

"महोदय, गिरीजहून स्टेशनकडे जाताना अमुक ठिकाणी या पावसाळ्यात चार वेळा पाणी साचले. फूल-भाजी विक्रेते, विद्यार्थी, नोकरदार सगळेच अडकतात. अमुक तारखेला महापालिकेकडे अर्ज दिला, उत्तर आलेले नाही. पुढच्या पावसाआधी येथील गटार साफ करावे."

बघा, राग गेला आणि वजन आलं!

लक्षात ठेवा:

१. एका पत्रात एकच विषय, एकच मागणी. दीडशे-दोनशे शब्द पुरे.

२. आपल्या मालाची जाहिरात नको.

३. सिद्ध करता येईल तेवढंच लिहा. पुराव्याशिवाय कोणाचं नाव घेऊन आरोप केला तर बदनामीचा दावा होऊ शकतो.

४. नाव, पत्ता, फोन द्या. एकच पत्र चार पेपरांना पाठवू नका.

५. आधी आठवडाभर 'लोकसत्ता'चं 'लोकमानस' वाचा. कसली पत्रं छापतात ते कळेल.

ही परंपरा जुनी आहे बरं का! गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'लोकहितवादी' या नावाने 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं लिहिली. तीच 'शतपत्रे'. आपल्या लोकांनी व्यापार-उद्योगात उतरावं, हेही त्यांनी त्यात सांगितलं.

पत्र छापून आलं म्हणजे काम झालं असं नाही. कात्रण जुन्या अर्जाच्या प्रतीला जोडा आणि पुन्हा कार्यालयात जा, पोच घ्या. नाही छापलं, तरी मुद्देसूद अर्ज तयार झालाच ना?

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्याची एक अडचण लिहा, पण त्यात 'माझं' हा शब्द एकदाही येऊ देऊ नका.