मोटार-सायकलीवरील स्टिकर कसा काढावा?

चिकटविणें सोपें असतें, सोडविणें कठीण. एखादें रंगीत चित्र वाहनावर लावावयास अर्धें मिनिटही लागत नाहीं. पाठीमागचा कागद ओढला, चित्र दाबून बसविलें, कीं काम झालें. परंतु तेंच चित्र चारपांच उन्हाळेपावसाळे सोसून जीर्ण झालें, त्याच्या कडा फाटल्या आणि तें तेथून नाहींसें व्हावें असें वाटूं लागलें, म्हणजे आपल्या हातांची व बुद्धीची खरी परीक्षा सुरू होते. या परीक्षेंत मी एकदां सपशेल नापास झालों आणि एकदां उत्तीर्ण झालों. त्या दोन्ही वेळांचा अनुभव व त्यामागील शास्त्र वाचकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

माझे वडील एका दूध-संस्थेंत नोकरीस आहेत. पहांटे साडेचार वाजतां त्यांस घर सोडावें लागतें. तीन वर्षें थोडेथोडे पैसे बाजूस टाकून त्यांनीं एक जुनी मोटार-सायकल विकत घेतली. गाडी काळ्या रंगाची, लोखंडी टाकीची व चांगल्या स्थितींतील होती. मात्र टाकीच्या दोन्ही अंगांस पहिल्या मालकानें पंख पसरलेल्या गरुडाचे मोठे स्टिकर लाविले होते. बाबांस ते मुळींच आवडत नसत. पण काढावयास त्यांना सवड कोठली? मे महिन्याच्या सुटींत ते दोन दिवस एस. टी. नें गांवीं गेले असतां मीं मनांत योजिलें, कीं ते परत येतील तेव्हां टाकी स्वच्छ करून त्यांना चकित करावें.

मीं डाव्या बाजूपासून आरंभ केला. प्रथम नखांनीं ओरबाडलें. नखें दुखलीं, पण गरुड ढळला नाहीं. मग स्वयंपाकघरांतील सुरी आणली. तिनें चित्राचे तुकडे निघाले, पण खालीं गोंदाचा काळपट थर तसाच राहिला. शेजारीं दारांस रंग देण्याचें काम चालू होतें. तेथून थोडा थिनर मागून आणला आणि चिंधी भिजवून जोरानें घांसूं लागलों. चिंधी काळी झाली तेव्हां मला आनंद वाटला. मळ निघत आहे, अशी माझी समजूत! पण निघत होता तो मळ नव्हे, रंग होता. अर्ध्या तासानें पाहतों तों टाकीची झळाळी गेलेली, मध्यें एक पांढुरका डाग पडलेला, आणि सुरीच्या तीन रेघा थेट लोखंडापर्यंत पोंचलेल्या.

बाबा परत आले. त्यांनीं टाकीवरून एकवार हात फिरविला आणि एवढेंच विचारलें, "सुरीनें हात नाहीं ना कापलास?" ते रागावले असते तर मला बरें वाटलें असतें. पुढें जुलै महिन्यांत कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला आणि त्या तीन रेघा तांबड्या होऊं लागल्या. बाबा रोज पहांटे निघण्यापूर्वीं तेलाचें बोट त्या रेघांवरून फिरवीत. तें पाहून मला अंथरुणांतून उठवत नसे.

उजव्या बाजूचा गरुड अजून शिल्लक होता. त्यास हात लावण्यापूर्वीं मी उद्यमनगरांत गाड्यांचें रंगकाम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकाकांकडे गेलों. त्यांनीं सर्व हकीकत ऐकून घेतली व हंसून म्हटलें, "बाळ, गोंदाशीं कुस्ती खेळायची नसते. त्याला ऊब द्यायची आणि वाट पाहायची." त्यांच्या या दोन वाक्यांत सर्व शास्त्र सांठविलेलें आहे, हें मला पुढें वाचनानें कळलें.

स्टिकरचा गोंद खळीसारखा वाळून कडक होणारा नसतो. तो घन व द्रव यांच्या मधल्या अवस्थेंतला, केवळ दाबानें चिकटणारा असतो. अशा गोंदाचा वाहनाच्या रंगाशीं आरंभापासूनच संबंध आहे. अमेरिकेंत मोटारींना दोन रंग देतांना झांकणीचा कागद काढला, कीं खालचा ताजा रंगही सोलून येई. रंगाऱ्यांची ही अडचण पाहून रिचर्ड ड्र्यू या तरुणानें 1925 सालीं हलक्या हातानें सुटणारी चिकटपट्टी तयार केली. पुढें 1935 सालीं स्टँटन अॅव्हरी यानें मागचा कागद काढून लावावयाचे चिकट कागद यंत्रावर काढण्यास सुरुवात केली. आजचे स्टिकर हे त्यांचेच वंशज होत.

या गोंदाचा स्वभाव समजण्यास आपल्या गुऱ्हाळाचें उदाहरण पुरेसें आहे. ऊन काकवी बोटाबरोबर लांब ओढली जाते. तीच निवाली, कीं घट्ट होते. आणि गुळाची ढेप तर फोडावीच लागते. गोंदाचेंही असेंच. तो थंड असतांना किंवा एकदम हिसका दिला असतां कठीण पदार्थासारखा वागतो व सर्व ताण खालच्या रंगावर टाकतो. तोच ऊबदार असतांना हळूहळू ओढला, तर त्यास वाहावयास वेळ मिळतो आणि तो थोड्या बळानेंच आपली पकड सोडतो. मात्र फार तापविला तर तो इतका पातळ होतो, कीं चित्र निघून येतें व गोंद सर्वच्या सर्व खालीं राहतो. म्हणून ऊब बेतशीर हवी.

ज्या रंगास आपणांस जपावयाचें आहे, तो किती नाजूक असतो हेंही ध्यानांत घ्यावें. लोखंडावर प्रथम अस्तराचा थर, त्यावर रंग व बहुधा त्यावर पारदर्शक रोगण असतें. हे सर्व थर मिळून जाडी सुमारें एक दशांश मिलिमीटर, म्हणजे वहीच्या एका पानाएवढी भरते. एवढ्याशा पडद्यानें लोखंडास पाण्यापासून व हवेपासून राखलेलें असतें. सुरीचें टोंक तो पडदा एका क्षणांत फाडतें, आणि गंज तेथूनच शिरतो.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. आरंभीं चित्राच्या कडेवरून नख फिरवून पाहावें. कड नखास लागली, तर चित्र रंगाच्या वर आहे. न लागली, तर तें कारखान्यांतच रोगणाखालीं बसविलेलें असण्याचा संभव असतो. असें चित्र रोगण घांसून काढल्याशिवाय निघत नाहीं. तें काम रंगाऱ्याचें आहे, आपलें नव्हे. गाडीस मागाहून रंग दिलेला असेल तर अधिकच जपावें, कारण तो मूळच्या रंगाइतका घट्ट धरलेला नसतो.

गाडी सावलींत उभी करावी. इंजिन थंड असावें व टाकीचें झांकण घट्ट लावलेलें असावें. साबणाच्या पाण्यानें धूळ धुवून टाकावी, नाहींतर घांसतांना धुळीचे कणच रंगावर ओरखडे काढतात. मग जाड फडकें हातास सोसेल इतक्या ऊन पाण्यांत बुडवून, पिळून, चित्रावर दोनतीन मिनिटें दाबून धरावें. केंस वाळविण्याच्या यंत्रानेंही ऊब देतां येते. पण पेट्रोलच्या टाकीजवळ ऊन पाण्याचें फडकेंच अधिक निर्धोक. दिव्याची किंवा मेणबत्तीची ज्योत तर कधींही जवळ आणूं नये.

कड मऊ झाली, कीं ती नखानें किंवा प्लॅस्टिकच्या जुन्या पत्त्यानें उचलावी; धातूचें कोणतेंही हत्यार वापरूं नये. उचललेली कड समोर आपल्याकडे न ओढतां मागें दुमडून, टाकीच्या अंगास जवळजवळ चिकटूनच सावकाश ओढावी. थांबली, तर थांबावें. पुन्हां ऊब द्यावी. चित्र कागदाचें असेल तर पाण्यानें भिजूनच बरेंचसें निघतें. तें पी. व्ही. सी. चें असून उन्हानें करपलेलें असेल, तर त्यास मऊ ठेवणारें द्रव्य उडून गेल्यामुळें त्याचे पापुद्रे पडतात. अशा वेळीं चित्रापेक्षां आपलें धैर्य अधिक चिवट असावें लागतें. जाड बोधचिन्ह स्पंजाच्या पट्टीवर बसविलेलें असेल, तर त्याच्या मागून मासे धरण्याच्या गळाची बारीक दोरी करवतीसारखी पुढेंमागें ओढावी.

चित्र निघाल्यावर उरतो तो गोंद. प्रथम आंगठ्यानें चोळून त्याच्या जेवढ्या गोळ्या निघतील तेवढ्या काढाव्यात. उरलेल्या भागावर खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल लावून दहापंधरा मिनिटें राहूं द्यावें. तेलकट पदार्थ तेलांत मऊ होतो, हा साधा नियम येथें उपयोगी पडतो. मग सुती मऊ कापडानें पुसावें. तेवढ्यानें न भागल्यास निलगिरीचें तेल, रॉकेल किंवा औषधांच्या दुकानांत मिळणारें आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर किंचित् घेऊन वापरावें. टाकीवर कांहींही ओतूं नये. कोणतेंही द्रव्य वापरण्यापूर्वीं बैठकीखालीं झांकलेल्या एखाद्या जागीं तें लावून पाहावें. कापडास रंग लागला, किंवा ती जागा चिकट अथवा मंद झाली, तर तें द्रव्य तेथेंच सोडून द्यावें. मीं त्या दिवशीं एवढें जरी केलें असतें, तरी पुढचा अनर्थ टळला असता.

थिनर व नखांचा रंग काढण्याचें अॅसिटोन हीं गोंदाबरोबर रंगासही विरघळवितात. पेट्रोल तर याहूनही वाईट. त्याची वाफ शून्याखालीं चाळीस अंशांच्या सुमारासही पेट घेऊं शकते. आजकालच्या गाड्यांचीं बाजूचीं झांकणें बहुधा ए. बी. एस. नांवाच्या प्लॅस्टिकचीं असतात. अॅसिटोन त्यांस चक्क वितळवितें. दिव्याच्या पुढील पॉलिकार्बोनेटच्या पारदर्शक आवरणास अशा द्रव्यांनीं बारीक तडे जातात. शिरस्त्राणाची गोष्ट तर जिवाशींच निगडित आहे. त्याचें कवच वरून जसेंच्या तसें दिसलें, तरी आंतून दुबळें झालेलें असूं शकतें, व तें प्रत्यक्ष अपघाताच्या वेळींच कळावयाचें! म्हणून शिरस्त्राणावरील स्टिकर केवळ कोमट पाणी व सौम्य साबण यांनींच काढावा. न निघेल तर राहूं द्यावा.

शेवटीं ती जागा साबणानें धुवून तेलाचा अंश काढावा. पुष्कळदां चित्राच्या आकाराची एक छाया मागें दिसते. तो गोंद नव्हे. भोंवतालचा रंग उन्हानें फिका झालेला असतो आणि चित्राखालील रंग मूळचाच राहिलेला असतो. ती घांसून घालविण्याचा हट्ट धरूं नये. हलकें पॉलिश व मेण यांनीं ती कांहींशी मावळते. मात्र मंद, बिनझळाळीच्या रंगावर पॉलिश लावूं नये, कारण तेथें चमकता डाग पडतो व तो जात नाहीं.

या रीतीनें उजव्या बाजूचा गरुड काढावयास मला एक संपूर्ण सकाळ लागली. मिस्त्रीकाका शेजारीं बसून दुसरें काम करीत होते. त्यांनीं एकदांही फडकें हातीं घेतलें नाहीं. मी उतावीळ झालों, कीं ते फक्त "पाणी निवलं असेल, बघ" असें म्हणत. अखेर गरुड एकसंध, पिसासह माझ्या हातांत आला. खालची काळी टाकी इतकी स्वच्छ होती, कीं तींत माझें तोंड दिसलें. डाव्या बाजूच्या रेघांतील गंज त्यांनीं घांसून काढला, अस्तर लाविलें व वर काळा रंग दिला. पण जुन्या रंगाशीं नवा रंग तंतोतंत जुळत नाहीं. जवळून पाहणारास तो डाग अजून ओळखूं येतो.

बाबा त्याविषयीं कधीं बोलत नाहींत. परंतु आतां गाडीचें कांहीं लहानसहान काम निघालें, कीं ते मला हांक मारतात व हत्यारांची पिशवी माझ्या हातीं देतात. ती पिशवी मी उघडतों तेव्हां माझी दृष्टि प्रथम टाकीच्या डाव्या बाजूकडे जाते; आणि मग माझा हात आपोआप सावकाश चालूं लागतो.