चौकटीतला पाहुणा

चिखलीतल्या आमच्या घराची सागवानी चौकट बसवून नऊ वर्षे झाली होती. एका उन्हाळ्यात रात्री तिच्यातून कुरकुर ऐकू येऊ लागली. घरच्यांनी वाळवीवर संशय घेतला. पण वाळवीची माती कुठेच दिसेना. मृगाच्या पावसात चौकटीला लंबगोल भोक पडले आणि अंगापेक्षा लांब मिशांचा एक तपकिरी भुंगेरा भिंतीवर येऊन बसला.

तो स्ट्रोमॅटियम बार्बॅटम. त्याचे कूळ सेरँबिसिडी. जगात या कुळाच्या 35,000 हून अधिक जाती आहेत. आंबा बागायतदारांचा वैरी भिरूड हाही याच कुळातला. भिरूड उभ्या झाडाचे खोड पोखरतो, आमचा पाहुणा वाळलेले लाकूड.

मादी लाकडाच्या फटीत अंडी घालते. अळी सालीलगतच्या पांढरट भागात शिरते, कारण तिथे पिष्ट उरलेले असते. सागाचा पक्का गाभा ती सहसा टाळते. वाळक्या लाकडात नत्र फारच थोडे, म्हणून तिची वाढ कमालीची सावकाश होते. ती वर्षानुवर्षे आत राहते आणि भुगा बोगद्यातच दाबून भरते. बाहेरून चौकट धडधाकट दिसते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील सी. एफ. सी. बीसन यांनी या कुळाचा बारकाईने अभ्यास केला. भारतीय वनकीटकांवरचा त्यांचा ग्रंथ 1941 मध्ये निघाला.

घरात हा उपद्रवी; रानात मात्र त्याच्या भाऊबंदांचे काम मोलाचे. त्यांनी पोखरलेल्या बुंध्यात ओल आणि बुरशी शिरते, सुतारपक्ष्याला अळ्या मिळतात आणि शेवटी लाकडाची माती होते. स्वीडन-फिनलंडच्या सूचिपर्णी अरण्यांत वाळकी खोडे उचलली गेल्याने असे कितीतरी कीटक दुर्मीळ झाले. तिथे आता झाडतोड करताना काही उंच बुंधे मुद्दाम राखतात.

आमच्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात 2019 मध्ये टिपेश्वरहून वाघ चालत आला, तेव्हा जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता. पडलेल्या खोडाची मात्र कोणी विचारपूस करीत नाही. ते आपल्या लेखी सरपणच. मोळी आणणाऱ्या बाईला दोष कसा द्यावा? तिची चूल पेटायची असते. पण ज्यांच्या घरी गॅस आहे, त्यांना तरी बांधावरचे एखादे खोड राखता येईल.

आम्ही चौकट बदलली. नव्या लाकडाचा पांढरा भाग सुताराकडून तासून घेतला. बांधावरची वाळलेली बाभूळ मात्र यंदा तोडली नाही.