बारा सामन्यांचा हिशेब

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल हा दोन्ही टोकांना निमुळत्या चेंडूचा, पायांपेक्षा हातांनीच अधिक खेळला जाणारा खेळ. त्याच्या सर्वोच्च श्रेणीत 2010 साली 120 विद्यापीठांचे संघ होते. 2019 पर्यंत ते 130 झाले. नियमित हंगामात एका संघाच्या वाट्याला साधारण बारा सामने येतात, त्यामुळे शंभराहून अधिक संघांशी त्याची गाठच पडत नाही. रणजीच्या गटात सगळे सगळ्यांशी खेळतात आणि गुणतक्ता आपोआप तयार होतो. ती सोय इथे नाही. सर्वोत्तम संघ कोणता, हे म्हणूनच बराच काळ मतांनी ठरत आले. 1936 पासून असोसिएटेड प्रेस पत्रकारांचा कौल घेते, 1950 पासून प्रशिक्षकांचाही कौल घेतला जाऊ लागला. 1998 ते 2013 या काळात कौलांच्या जोडीला संगणक आले. 2014 च्या हंगामापासून तेरा जणांची समिती चार संघ निवडू लागली आणि ते चार बाद पद्धतीने खेळू लागले. एनसीएए ही नियामक संस्था या श्रेणीचा विजेता स्वतः जाहीर करतच नाही. इतरांनी कोणाकोणाला विजेता ठरवले, त्याची फक्त नोंद ठेवते.

2010 ते 2019 या दहा हंगामांचा ढोबळ हिशेब सोपा आहे. प्रशिक्षक निक सेबन यांच्या अलाबामाने 124 सामने जिंकले, 15 गमावले आणि 2011, 2012, 2015 व 2017 अशी चार विजेतेपदे मिळवली. क्लेमसनने दशकाची सुरुवात 6 विजय आणि 7 पराभवांनी केली. तरीही दशकाअखेर आकडा 117–23 झाला, पदरात दोन विजेतेपदे पडली. ओहायो स्टेटनेही मैदानावर 117 सामने जिंकले, 18 गमावले आणि 2014 चे विजेतेपद घेतले. ऑबर्न, फ्लोरिडा स्टेट आणि लुइझियाना स्टेट यांनी प्रत्येकी एकदा बाजी मारली. दुसऱ्या टोकाला कॅन्सस विद्यापीठ: 21 विजय, 99 पराभव. अलाबामाने दहा वर्षांत गमावले त्याहून अधिक सामने कॅन्ससने 2011 आणि 2012 या दोनच हंगामांत गमावले.

खरी अडचण बॉईसी स्टेटपाशी येते. आयडाहो राज्यातला हा निळ्या मैदानाचा संघ 107 सामने जिंकला, 26 हरला. पण त्याच्या कॉन्फरन्समधले, म्हणजे विद्यापीठांच्या ठरावीक गटातले, प्रतिस्पर्धी दुबळे मानले गेले आणि विजेतेपदाच्या लढतीपर्यंत त्याला कोणी येऊ दिले नाही. हे 107 विजय क्लेमसनच्या 117 विजयांच्या तुलनेत कुठे ठेवायचे?

वेस्ली कॉली या खगोलभौतिकशास्त्रज्ञाने त्याचे एक उत्तर दिले. कौलांच्या जोडीला आलेल्या संगणकी क्रमवारीच्या सहा पद्धतींपैकी त्यांची पद्धत सर्वांत हटवादी म्हणावी अशी आहे. तिला परंपरा ठाऊक नाही, मागचा हंगाम ठाऊक नाही, आणि सामना एका गुणाने जिंकला की चाळीस गुणांनी, याच्याशीही तिला कर्तव्य नाही. पाया गणितज्ञ लाप्लासच्या जुन्या संभाव्यता-नियमाचा: विजयांत 1 मिळवा, सामन्यांत 2 मिळवा आणि भागा. एकही सामना झालेला नसताना प्रत्येक संघाचे मूल्य 1/2 येते, म्हणजे सगळे एका रेषेत. एक सामना झाला की जेत्याचे 2/3 आणि हरलेल्याचे 1/3.

पुढची पायरी प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीची. नुसत्या विजयांऐवजी विजय-पराभवांच्या फरकाचा निम्मा भाग घ्यायचा आणि त्यात सर्व प्रतिस्पर्ध्यांची मूल्ये मिळवायची. मात्र प्रतिस्पर्ध्याचे मूल्य त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून, आणि त्यांत पहिला संघही आलाच. दोनच संघ आणि एकच सामना असेल तर जेत्याचे मूल्य 2/3 वरून 5/8 वर उतरते, हरलेल्याचे 1/3 वरून 3/8 वर चढते; दुबळ्याला हरवल्याची किंमत थोडी कापली जाते. सव्वाशे संघांची तितकीच समीकरणे एकाच वेळी सोडवली की क्रमवारी हाती येते. सरासरी मूल्य मात्र कायम 1/2 राहते. एकाला वर चढवायचे तर दुसऱ्या कोणाला तरी खाली उतरावेच लागते.

सूत्र उघड असल्यामुळे त्यातली चूकही उघड झाली. डिसेंबर 2010 मध्ये खालच्या श्रेणीतील वेस्टर्न इलिनॉय आणि ॲपलाचियन स्टेट यांच्या सामन्याचा निकाल कॉलींच्या माहितीत भरायचा राहून गेला. जेरी पाम या विश्लेषकाने गणित पुन्हा करून ते पकडले. निकाल भरताच त्या सामन्याशी काहीही संबंध नसलेल्या बॉईसी स्टेट आणि लुइझियाना स्टेट यांच्या जागांची अदलाबदल झाली. मतदाराच्या मनातला कल असा कोणाला तपासता येत नाही.

हटवादीपणाचे फळ 2012 च्या हंगामात दिसले. अलाबामाने अंतिम सामन्यात नोत्र दामला 42–14 असे धुऊन काढले; कॉलींच्या गणितात तो केवळ एक पराभव ठरला आणि नोत्र दाम पहिल्या क्रमांकावरच राहिले. हे पचायला जडच आहे. 2017 चा निकाल मात्र सहज हसण्यावारी नेता येत नाही. सेंट्रल फ्लोरिडाने सर्वच्या सर्व 13 सामने जिंकले. समितीने त्यांना बारावा क्रमांक देऊन बाहेर ठेवले होते. शेवटच्या सामन्यात त्यांनी ऑबर्नला 34–27 असे हरवले, आणि त्याच ऑबर्नने त्या हंगामात अंतिम फेरीतल्या अलाबामा आणि जॉर्जिया या दोघांनाही हरवले होते. कॉलींनी सेंट्रल फ्लोरिडाला पहिले ठरवले. एनसीएएच्या नोंदवहीत त्या वर्षी अलाबामाबरोबर त्यांचेही नाव आहे.

दशकाचा हिशेब करताना याहून मोठा घोळ विजयाच्या नोंदीतच निघतो. ओहायो स्टेटच्या खेळाडूंनी स्मरणचिन्हे देऊन पैसे मिळवल्याचे आणि गोंदण करून घेतल्याचे उघडकीस आले, माहिती दडवणारे प्रशिक्षक जिम ट्रेसल यांनी मे 2011 मध्ये राजीनामा दिला, आणि 2010 चे बाराही विजय रद्द झाले. त्यामुळे मैदानावर 117, तर कागदोपत्री 105. रद्द झालेला विजय प्रतिस्पर्ध्याला मिळत नाही. त्याच्या खाती पराभव तसाच राहतो. म्हणजे कोणीतरी हरले पण जिंकले कोणीच नाही, असे सामने दप्तरी शिल्लक राहतात. नोत्र दामचेही 2012 चे बारा विजय पुढे असेच पुसले गेले, हंगामाच्या नोंदीत उरला तो अलाबामाकडून झालेला पराभव. पेन स्टेटच्या बाबतीत तर 1998 ते 2011 मधील 112 विजय जुलै 2012 मध्ये गेले आणि जानेवारी 2015 मध्ये परत आले. 2013 साली आणि 2016 साली केलेल्या तक्त्यांत त्यांचे आकडे त्यामुळे वेगवेगळे दिसतात, मधल्या काळात ते जुने सामने कोणी पुन्हा खेळले नसले तरी.

पुढील दशकाची तुलना आणखी अवघड होणार. ऑक्टोबर 2018 पासून संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची सामायिक नोंदणी सुरू झाली, जुलै 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येऊ लागले, आणि 2024 मध्ये अंतिम टप्प्यात चारऐवजी बारा संघ आले. त्या हंगामात ओहायो स्टेट 16 सामने खेळून, त्यांतले दोन हरूनही विजेता ठरला. नियमित हंगामातले दोन पराभव घेऊन चार संघांच्या पद्धतीत एकाही संघाला आत प्रवेश मिळाला नव्हता.