मोटारसायकलचा पुढचा ब्रेक : जुन्या गाडीतील सुधारणा
मोटारसायकलचा पुढचा ब्रेक : पुढील चाकाची गती घर्षणाने कमी करणारी व उजव्या मुठीजवळील तरफेने चालविली जाणारी यंत्रणा. भारतात 1955 नंतर प्रचलित झालेल्या एनफील्ड बुलेट, जावा–येझदी, राजदूत इ. जुन्या गाड्यांत ती ड्रम प्रकारची असे. यांपैकी पुष्कळ गाड्या अद्याप वापरात असून त्यांचे एंजिन सुस्थितीत ठेवण्याकडे जितके लक्ष दिले जाते तितके या ब्रेककडे दिले जात नाही.

शिरूर तालुक्यातून पुणे–अहिल्यानगर आणि दौंड तालुक्यातून पुणे–सोलापूर हे महामार्ग जातात. न्हावरे–चौफुला रस्ता त्यांना जोडतो. गळिताच्या हंगामात येथे उसाच्या ट्रॉल्या संथ गतीने जात असतात व त्यांच्या मागेपुढे वेगवान मोटारी. अशा रस्त्यावर ताशी 60 किमी. वेगाची गाडी दर सेकंदास 3 मी./से. या मंदनाने थांबविल्यास सु. 46 मी. अंतर लागते, मंदन दुप्पट झाल्यास ते 23 मी. होते. चालकाच्या प्रतिक्रियेत जाणारे अंतर यात धरलेले नाही.

ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे सरकतो. गुरुत्वमध्याची उंची दोन चाकांतील अंतराच्या निम्मी आणि मूळ भार दोन्ही चाकांवर समान मानल्यास, गुरुत्वीय प्रवेगाच्या 0.6 पट मंदनाच्या वेळी पुढील चाकावर सु. 80 टक्के भार येतो. पुढचा ब्रेक दाबल्याने गाडी उलटते, हा समज म्हणूनच घातक आहे. मात्र मुरूम वा चिखलावर तो एकदम दाबल्यास चाक अडकून घसरते, एवढे त्यात तथ्य आहे.

सुधारणेचा आरंभ आहे त्या ड्रमपासून करावा. बहुतेक गाड्यांत दोष रचनेचा नसून झिजेचा असतो. आऱ्यांच्या असमान ताणामुळे ड्रम किंचित लंबगोल होतो. त्यामुळे तो लेथवर कातून घ्यावयाचा तर चाक आऱ्यांसह बांधलेले असताना कातणे इष्ट. नंतर शूवरील लायनर ड्रमच्या व्यासाला जुळेल असे कातावे. ब्रेक पूर्ण लागला असता कॅमचा दांडा व केबल यांत काटकोनापेक्षा अधिक कोन होऊ देऊ नये. तसे झाल्यास तरफेचा लाभ घटतो. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने धूळ हवेच्या झोताने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी.

साध्या ड्रममध्ये एकच शू अग्रगामी असतो, म्हणजे चाकाच्या फिरण्याने तो ड्रमकडे अधिक ओढला जातो. दोन कॅम वापरून दोन्ही शू अग्रगामी केल्यास तेवढ्याच जोराने अधिक मंदन मिळते. बुलेटच्या नंतरच्या नमुन्यांत अशी 7 इंची रचना आली. चढावर गाडी मागे घसरू लागल्यास मात्र ती दुबळी ठरते. एस्कॉर्ट्‌सने यामाहाच्या सहकार्याने 1983 मध्ये आणलेल्या राजदूत 350 या गाडीचे उदाहरण बोधक आहे. मूळ जपानी गाडीला 1973 पासून पुढे डिस्क होती. भारतीय गाडीला मात्र दोन अग्रगामी शूंचा ड्रम देण्यात आला. आज तिचे काही मालक डिस्क बसवून घेतात.

डिस्क उघडी असल्याने लवकर थंड होते व भिजल्यानंतर लवकर सुकते. तप्त ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर जातो, तसे तिच्यात घडत नाही. परंतु केवळ डिस्क व कॅलिपर आणून जोडणे हा उपाय नव्हे. कॅलिपरची प्रतिक्रिया फोर्कच्या एकाच नळीवर येते. जुना बारीक फोर्क तिने पिळला जाऊ शकतो. म्हणून हब, फोर्क व कॅलिपर एकाच गाडीचे घेणे अधिक सुरक्षित. घरगुती वेल्डिंगने बसविलेली कॅलिपरची पट्टी मुळीच स्वीकारू नये. मुठीजवळील मास्टर सिलिंडरही कॅलिपरशी जुळला पाहिजे : 16 मिमी.ऐवजी 13 मिमी. व्यास घेतल्यास त्याच जोराने सु. दीडपट दाब मिळतो, पण तरफ अधिक आत येते. डॉट 4 प्रतीचा द्रव हवेतील पाणी शोषतो व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो, यास्तव तो सामान्यतः दोन वर्षांनी बदलतात.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 अन्वये नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. त्यामुळे डिस्क बसविण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे आवश्यक ठरते. ड्रमच्या दुरुस्तीला ही अडचण येत नाही. नवीन लायनर ड्रमशी पूर्ण जुळेपर्यंत ब्रेकची पकड कमी असते, म्हणून पहिली चाचणी महामार्गावर न घेता मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर कमी वेगाने घ्यावी.